बॉम्बरचं तिकीट

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं बी-१७ बॉम्बर काही प्रवाशांसाठी बनवलेलं नव्हतं. फार वर्षं टिकावं अशीही कुणाची अपेक्षा नव्हती. अशी १२,७३१ विमानं बांधली गेली. युद्ध संपताच ॲरिझोनातल्या किंगमनसारख्या तळांवर हजारो लढाऊ विमानं आणून उभी केली आणि ॲल्युमिनियमसाठी वितळवली. जी वाचली, ती कुणीतरी दुसऱ्याच कामाला जुंपली म्हणून.

'नाइन-ओ-नाइन'चंच बघा. हे बी-१७ एप्रिल १९४५ मध्ये तयार झालं, म्हणजे लढाई हुकलीच. १९५२ मध्ये अणुस्फोटाचा विमानांवर काय परिणाम होतो हे बघायला त्याला चाचणीत उभं केलं. पुढे भंगारात विक्री, मग वीसेक वर्षं वणवे विझवण्याचं काम. १९८६ मध्ये जुनी विमानं जपणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेनं ते घेतलं आणि १४० मोहिमा केलेल्या एका जुन्या विमानाचं नाव त्यावर रंगवलं. याच संस्थेचं बी-२४ लिबरेटर हे दुसरं बॉम्बर तर भारतातल्या भंगारातलं. तिथं निकामी करून टाकलेली लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टनं दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली.

पण उडवायचं म्हणजे पैसा. बी-१७ ची चार इंजिनं तासाला सुमारे ७५० लिटर पेट्रोल पितात. खालच्या सिलिंडरमध्ये ऑइल साचतं, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी पंखे हातानं फिरवावे लागतात. अशा विमानात पैसे घेऊन माणसं बसवायला अमेरिकी नियमांची मनाई होती. १९९६ पासून तिथल्या हवाई वाहतूक प्रशासनानं 'जिवंत इतिहास' म्हणून यातून सूट द्यायला सुरुवात केली. मग अर्ध्या तासाच्या फेरीसाठी साडेचारशे डॉलर मोजून लोक बॉम्बकक्षातल्या वीतभर रुंदीच्या फळीवरून तोल सावरत पुढे जाऊ लागले आणि नाकाच्या काचेमागे बसू लागले. युद्धात त्याच जागी उणे चाळीस अंशांत ऑक्सिजनचा मुखवटा लावून बसावं लागे, ही गोष्ट हजार फुटांवर जाणवण्यासारखी नाही.

२ ऑक्टोबर २०१९ ला कनेटिकटमधल्या ब्रॅडली विमानतळावर नाइन-ओ-नाइन कोसळलं. उड्डाण करताच उजवीकडच्या इंजिनांनी दगा दिला होता. १३ पैकी ७ जण गेले. तपासात एका इंजिनाच्या मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीज पुरवणाऱ्या यंत्राची) वायर चक्क तारेनं बांधलेली सापडली. मार्च २०२० मध्ये संस्थेची सूट रद्द झाली. २०२२ मध्ये डॅलसच्या हवाई प्रदर्शनात आणखी एका बी-१७ वर दुसरं विमान आदळलं. त्यात प्रवासी नव्हते, पण दोन्ही विमानांतले मिळून सहा जण गेले. २०२३ मध्ये उरलेल्या बी-१७ च्या पंखांचे जोड उड्डाणाआधी तपासणं सक्तीचं झालं.

ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरची गत याहून बिकट. बांधली ७,३७७, उडणारी दोन. ब्रिटनमधलं हवाई दलाकडे, त्यात तिकीट नाही. बसायचं असेल तर कॅनडात हॅमिल्टनला जायचं.