चीनविषयक शासकीय संशोधक

चीनचे राजकारण, सैन्य, अर्थकारण आणि परराष्ट्र धोरण यांचा सरकारसाठी अभ्यास करणारा अधिकारी किंवा अभ्यासक. या नावाचे एकच पद नाही, त्यासाठीची एकच भरतीही नाही. त्यामुळे नागपुरातल्या घरी ‘मुलगा नेमका काय करतो’ हे सांगताना अडचण होते.

रुळलेली वाट नागरी सेवा परीक्षेची. सीताबर्डीला जुन्या मॉरिस कॉलेजच्या आवारात शासनाचे पूर्वप्रशिक्षण केंद्र आहे. परराष्ट्र सेवेत निवड झाली की एक परकीय भाषा शिकावीच लागते, आणि चिनी वाट्याला आली तर पुढचा मुक्काम बीजिंग किंवा तैपेई. दुसरी वाट भाषेकडून येते: जेएनयू किंवा शांतिनिकेतनच्या चीन भवनात (स्थापना १९३७) चिनी शिकून परराष्ट्र खात्याच्या दुभाषी संवर्गात. दिल्लीतल्या मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्थेतही (स्थापना १९६५) चीनचे अभ्यासक असतात.

मराठी माणसाला इथे एक छोटा फायदा आहे. ‘चाक’मधला दंत्य च चिनीत जसाच्या तसा आहे, माओच्या नावातला ‘त्से’ तोच. चिनीतले चार सूर शिकणे मात्र कुणालाच टळत नाही.

कामाचा मोठा भाग वाचनाचा, तोही कंटाळवाण्या मजकुराचा: चिनी कम्युनिस्ट पक्षाचे अहवाल, श्वेतपत्रिका, पक्षाचे मुखपत्र असलेल्या ‘रन्मिन रिपाओ’चे अग्रलेख. मागच्या वर्षी असलेला शब्द यंदा गळला का, हे पाहायचे. डिसेंबर २०२१ मध्ये चीनने अरुणाचलातील १५ ठिकाणांना आपली नावे ‘प्रमाणित’ म्हणून जाहीर केली: ८ वस्त्या, ४ डोंगर, २ नद्या, १ खिंड. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला. अभ्यासकाला मात्र प्रत्येक ठिकाण नकाशावर लावून २०१७ च्या ६ नावांशी ताडून पाहावे लागते, कारण अशा याद्या पुढेही येतात. २०२३ मध्ये ११ नावे आली, २०२४ मध्ये ३०.

कंपन्यांची मालकी शोधणे हेही कामच. जुलै २०२० मध्ये भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशांतल्या कंपन्यांना सरकारी निविदा भरण्याआधी नोंदणी सक्तीची झाली. नागपूर मेट्रोचे डबे त्याआधीच चीनच्या सरकारी सीआरआरसी कंपनीच्या दालियन कारखान्यातून येऊ लागले होते.

या शहराचा चीनशी संबंध त्याहून जुना. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत नागपूरचे डॉ. चोळकरही होते, कोटणीस सर्वांना ठाऊक, चोळकर नागपुरातही फारसे कुणाला आठवत नाहीत. शासकीय सेवेतले ठळक मराठी नाव वसंत परांजपे यांचे. ते १९४७ मध्ये पेकिंगला शिकायला गेले आणि पुढे नेहरू-माओ भेटीत दुभाषी होते.

सेवेत असताना लिहिलेली टिपणे फायलीतच राहतात. बीजिंगमध्ये राजदूत व नंतर परराष्ट्र सचिव राहिलेले विजय गोखले यांची चीनवरील पुस्तके २०२० मधील निवृत्तीनंतरची आहेत.