‘गुन्हा कबूल आहे’ म्हणण्याआधी: पक्षकारांसाठी माहिती

दोषारोप वाचून दाखवल्यावर न्यायाधीश विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ आपण कशाला हो म्हणतोय आणि त्याने काय होईल, हे आरोपीला कळलेले नसेल किंवा कुणी त्याला भाग पाडले असेल, तर ती कबुली स्वेच्छेची नव्हे. दबाव दरवेळी मारहाणीचाच असतो असे नाही. ‘कबूल करून टाक, दंड भरून आजच सुटशील’ एवढे कानात सांगितले तरी कोठडीतल्या माणसाला पुरते. दंडावरच भागेल, अशी हमी कुणीही देऊ शकत नाही.

समन्स खटल्यात (दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांचा खटला) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम 275 नुसार कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी लागते. आरोपी म्हणाला, ‘हो, मारलं, पण आधी त्यानं कोयता उगारला’, तर ती कबुली नाही, तो स्वसंरक्षणाचा बचाव आहे. पुरावा घेऊनच खटला चालायला हवा. छापील नमुन्यावर ‘गुन्हा कबूल’ एवढेच आले, तर ‘पण’पासून पुढचे सगळे गळून जाते. तेव्हा पूर्ण वाक्य लिहून घेण्याचा आग्रह धरा आणि वाचून मगच सही करा.

कबुलीवर शिक्षा झाली की दोषसिद्धीविरुद्ध अपील जवळजवळ संपते. कलम 416 खाली शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यावरच दाद मागता येते. दोषसिद्धीची नोंद नोकरीच्या चारित्र्य पडताळणीतही आडवी येऊ शकते.

लवकर सुटण्यासाठीच कबुली द्यायची असेल, तर आधी कलम 479 तपासा. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला असेल, तर जामिनाचा मार्ग आहे. मात्र फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना किंवा एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यास तो लागू नाही.

प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेवर तडजोड करण्याचा, अर्ज दोषारोप ठेवल्यापासून 30 दिवसांत करावा लागतो, सोबत तो स्वेच्छेचा असल्याचे शपथपत्र. न्यायाधीश आरोपीला बंद दालनात, दुसरा पक्ष बाहेर ठेवून विचारतात. दबाव असेल तर तिथेच स्पष्ट सांगा, खटला नेहमीच्या मार्गाने पुढे चालतो.

कबुली देऊन झाली असेल, तर दोषारोप, कबुलीची नोंद, रोजनामा (न्यायालयातल्या रोजच्या कामकाजाची नोंद) आणि निकाल यांच्या नकलांसाठी त्याच दिवशी अर्ज करा. नोंद कोणत्या भाषेत आहे, मराठी न समजणाऱ्याला दुभाषा दिला होता का, वकील हजर होते का, एकाच खटल्यातल्या चार आरोपींची उत्तरे शब्दशः सारखी आहेत का, हे आम्ही त्यांत पाहतो. कनिष्ठ न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस, पुनरीक्षण अर्जाला (आदेशाची वैधता वरच्या न्यायालयाने तपासावी यासाठीचा अर्ज) 90 दिवस मिळतात.

कोठडीतल्या नातेवाइकाला वकील नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.