ओंडका ओढायला विंच कुठली: पीटीओची की हायड्रॉलिक?

हायड्रॉलिक म्हणजे अफाट ताकद, हा समज जेसीबीने आपल्या डोक्यात पक्का बसवला आहे. ट्रॅक्टरमागे लावून, ड्रमवर दोर गुंडाळत जंगलातले ओंडके ओढणाऱ्या विंचबद्दलही तो ऐकू येतो. पण निम्म्याहून जास्त भूभाग जंगलाखाली असलेल्या स्लोव्हेनियात बघा. ताइफुन, क्रपान, युनिफॉरेस्ट हे विंच बनवणारे तिथलेच, आणि शेतकऱ्यांसाठी ते मुख्यतः पीटीओवर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या शाफ्टवर, चालणाऱ्या विंच बनवतात.

असं का? हायड्रॉलिक पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल पुढे ढकलतो. दाब येतो भारामुळे. दोर सैल असेल तर प्रेशर गेजचा काटा खालीच राहतो. ओंडका एखाद्या बुंध्याला अडला की तेलाची वाट अडते, काटा सरसर चढतो आणि 180 बारच्या आसपास रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल टाकीकडे परत जातं. म्हणजे ओढ किती हे दाब ठरवतो, वेग किती हे तेलाचा प्रवाह ठरवतो आणि शक्ती दोघांच्या गुणाकारातून मिळते: बार गुणिले मिनिटाला लिटर, भागिले 600, उत्तर किलोवॅटमध्ये. 50 एचपी ट्रॅक्टरच्या पंपाचे 180 बार आणि 40 लिटर धरले तर हाती येतात 12 किलोवॅट, जेमतेम 16 एचपी. त्याच ट्रॅक्टरच्या पीटीओवर 40 एचपीच्या वर मिळतात.

आता 5 टनांची ओढ सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवी असेल तर 25 किलोवॅट लागतात. पीटीओला ते जमतं. हायड्रॉलिकवर ओढ तेवढीच मिळेल, पण वेग निम्म्याहून कमी, आणि वाया गेलेली शक्ती तेल तापवते. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सलाही तेच तेल असतं. आपल्याकडे रोटाव्हेटर पीटीओवर आणि ट्रॉलीचा जॅक हायड्रॉलिकवर चालतो, त्यामागेही हेच गणित आहे.

विंचवर छापलेल्या टनांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ड्रमवर दोराचे थर चढतात तशी त्रिज्या वाढते आणि ओढ घटते. रिकाम्या ड्रमची त्रिज्या 10 सेंमी आणि भरलेल्याची 16 असेल, तर 5 टनांचे 3 टनच उरतात. हे दोन्ही प्रकारांना लागू आहे. शिवाय कॅटलॉगमधल्या 'इलेक्ट्रोहायड्रॉलिक' विंचमध्ये बहुधा फक्त क्लच आणि ब्रेक तेलाने दाबले जातात, ड्रम फिरतो पीटीओवरच.

नव्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधतात आणि पीटीओ शाफ्टचं प्लास्टिक कव्हर काढून ठेवतात, याची मला खरंच चीड येते. 540 आरपीएमला तो शाफ्ट सेकंदाला 9 फेरे घेतो. पदर किंवा उपरण्याचं टोक त्यात जाऊ देत नाही ते कव्हरच.

हायड्रॉलिक विंच घ्यावी ती उतारावर ओंडका ताणाखाली सावकाश खाली सोडायचा असेल तेव्हा, किंवा पंप मिनिटाला 100 लिटरच्या पुढे तेल देत असेल तेव्हा. एक्स्कॅव्हेटरला ती शोभते.