एका 'मिलवॉकी'ची कथा: लससक्ती आणि अकाली निवृत्त जहाजे

२०२१च्या नाताळात अमेरिकी नौदलाची 'मिलवॉकी' ही छोटी युद्धनौका क्युबातल्या ग्वांतानामो बे तळावर अडकून पडली. शंभरेक खलाशी, सगळ्यांचे लसीकरण पूर्ण, तरी सुमारे चतुर्थांश जणांना कोविड झाला. कुणी गंभीर आजारी पडले नाही, पण लससक्तीच्या विरोधकांना उदाहरण मिळाले. पुढे हीच नौका पुरती आठ वर्षांचीही नसताना सेवेतून काढली गेली. सैन्यातली लससक्ती आणि जहाजांची अकाली निवृत्ती हे दोन्ही वाद २०२२च्या अखेरीस एकाच संरक्षण कायद्यात येऊन मिळाले.

सक्ती तशी जुनीच. १७७५-७६ मध्ये क्वेबेकवर चालून गेलेल्या अमेरिकी फौजेचे देवीच्या साथीने कंबरडे मोडले होते. ते पाहून १७७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सैनिकांना देवी टोचण्याचा हुकूम दिला. एडवर्ड जेन्नर यांची देवीवरची लस अजून यायची होती. रुग्णाच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत घालण्याचा तो जोखमीचा उपाय होता. १९९८ मध्ये अँथ्रॅक्सच्या लसीची सक्ती झाली तेव्हा मात्र प्रकरण कोर्टात गेले. लसीला मंजुरी देण्याच्या प्रक्रियेतच दोष आढळल्याने २००४ मध्ये न्यायालयाने सक्ती थांबवली. तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी कोविड लसीचा आदेश काढला तो २४ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे फायझरच्या लसीला पूर्ण मंजुरी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

नौदलाची भीती खरी होती. २०२०च्या वसंतात 'थिओडोर रुझवेल्ट' या विमानवाहू नौकेवर बाराशेहून अधिक जणांना लागण झाली, एक खलाशी दगावला आणि जहाज कित्येक आठवडे ग्वाममध्ये थांबून राहिले. बंद जहाजात, एकावर एक बांधलेल्या बिछान्यांवर झोपणाऱ्यांसाठी सक्ती योग्यच होती, असे माझे मत आहे. गाडी घसरली ती धार्मिक कारणाने लसीतून सूट मागणाऱ्या अर्जांवर. १९९३च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार सरकारला प्रत्येकाच्या श्रद्धेचा स्वतंत्र विचार करावा लागतो. नौदलात हजारो अर्ज आले आणि अर्ज वाचण्याआधीच नकाराचे पत्र तयार होत असे. जानेवारी २०२२ मध्ये टेक्सासचे न्यायाधीश रीड ओ'कॉनर यांनी या प्रक्रियेला 'नाटक' म्हणत ३५ नौसैनिकांवरील कारवाई रोखली. माणसाने प्रामाणिकपणे केलेला अर्ज उघडून तरी पाहायला हवा होता. २५ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: बडतर्फीवरची बंदी राहील, पण कुणाला कुठे पाठवायचे हे ठरवताना लस घेतली की नाही हे नौदल पाहू शकेल.

तीनच दिवसांनी नौदलाच्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव आला. त्यात २४ जहाजे निवृत्त करायची होती आणि त्यांपैकी ९ 'फ्रीडम' वर्गातली, म्हणजे 'मिलवॉकी' आणि तिच्या बहिणी. २००० नंतर आखलेल्या या योजनेत किनाऱ्यालगत लढणारी, ४० नॉटहून (ताशी सुमारे ७४ किलोमीटर) वेगवान, थोड्या माणसांत चालणारी नौका हवी होती. सुरुंग शोधणे, पाणबुडी शोधणे, छोट्या बोटींशी लढणे अशी साधने गरजेनुसार बदलता येतील, अशी कल्पना होती. ती साधने वर्षानुवर्षे तयारच होईनात. पाणबुडीविरोधी साधनाचा नाद तर नौदलाने शेवटी सोडला. शिवाय डिझेल इंजिन आणि गॅस टर्बाइनची शक्ती एकत्र करणारा गिअर बिघडत राहिला. 'मिलवॉकी' डिसेंबर २०१५ मध्ये, ताफ्यात दाखल होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ओढून व्हर्जिनियाच्या धक्क्याला लावावी लागली होती.

नौदल म्हणत होते, हा पैसा कामाच्या जहाजांवर घालू द्या. अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, काहींना चीनचा ताफा वाढत असताना आपली जहाजे घटणे मान्य नव्हते. या नौका जिथे असत त्या फ्लोरिडातल्या मेपोर्ट तळाभोवती त्यांच्या दुरुस्तीच्या कामावर जगणारी कुटुंबेही होती.

२३ डिसेंबर २०२२ रोजी सही झालेल्या संरक्षण कायद्याने लससक्ती मागे घ्यायला लावली आणि ९ पैकी ५ नौका वाचवल्या. १० जानेवारी २०२३ रोजी ऑस्टिन यांनी आदेश रद्द केला. तोवर आठ हजारांहून अधिक जण सैन्याबाहेर गेले होते. त्यांना परत घेण्याचा आदेश डोनाल्ड ट्रम्प यांनी २७ जानेवारी २०२५ रोजी काढला. 'मिलवॉकी' वाचलेल्यांत नव्हती. २५ वर्षांसाठी बांधलेली ही नौका ८ सप्टेंबर २०२३ रोजी मेपोर्टला निवृत्त झाली.