‘जवळपास नेटिव्ह’ म्हणजे नेमके किती?

वेबअसेम्ब्ली म्हणजे सी++ सारख्या भाषांतले प्रोग्रॅम ब्राउझरात वेगाने चालवण्यासाठीचा कोडचा प्रकार. त्याच्या आधी एएसएम.जेएस होते. २०१३ ची ही युक्ती दिसायला जावास्क्रिप्टच, पण आकड्याला शून्याचा ‘ऑर’ (बिटांवरची एक क्रिया) चिकटवून तो पूर्णांक असल्याचे इंजिनाला, म्हणजे ब्राउझरातल्या कोड चालवणाऱ्या भागाला, पटवायची. दावा माफक होता: नेटिव्हच्या, म्हणजे ब्राउझरविना थेट प्रोसेसरवर चालणाऱ्या कोडच्या, दुप्पट वेळेच्या आत. मार्च २०१७ पर्यंत चार प्रमुख ब्राउझर वेबअसेम्ब्लीच्या पहिल्या आवृत्तीवर एकमत झाले आणि दावा बदलला: ‘जवळपास नेटिव्ह’.

या शब्दाने बराच घोळ घातला. त्याच वर्षीच्या, वेबअसेम्ब्ली मांडणाऱ्या मूळ शोधनिबंधातली मोजमापे गणिती स्वरूपाच्या छोट्या कर्नल्सची (एकच हिशेब करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची) होती, आणि तिथे तो शब्द शोभला. २०१९ मध्ये एका संशोधक गटाने स्पेक सीपीयू या वेग मोजण्याच्या चाचणीसंचातले मोठे प्रोग्रॅम ब्राउझरात चालवले, तेव्हा ते नेटिव्हपेक्षा सरासरी ४५ ते ५५ टक्के मंद निघाले. काही ठिकाणी वेळ दुपटीहून जास्त लागला. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, पण पहिल्याचीच जाहिरात झाली. मंदपणाची कारणे साधी होती. ब्राउझरला कोड झटपट तयार करायचा असतो, त्यामुळे रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधल्या सर्वांत जलद साठवणीच्या जागा, वाटण्यावर कमी मेहनत घेतली जाते. काही रजिस्टर इंजिन स्वतःकडेच ठेवते. शिवाय स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) भरून वाहत नाही ना आणि फंक्शन पॉइंटर (फंक्शनचा पत्ता) योग्य आहे ना, या तपासण्या सुटत नाहीत.

माझ्या मते वापरकर्त्याला जाणवलेली सुधारणा वेगळीच होती. २०१८ च्या सुमारास वेबअसेम्ब्लीची फाइल उतरत असतानाच कंपाइल होऊ लागली, म्हणजे तिचे प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर होऊ लागले. आधी घाईचा कोड, मग मागून घासून-पुसून केलेला. त्याच वर्षी जानेवारीत स्पेक्टर ही प्रोसेसरमधून गुपिते झिरपू देणारी त्रुटी उघड झाली आणि तिचा गैरफायदा घेता येऊ नये म्हणून सामायिक मेमरी ब्राउझरांनी बंद केली. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमची समांतर चालणारी कामे, त्यावरच उभे असल्याने तेही रखडले. पुढे पान इतरांपासून वेगळे ठेवण्याच्या अटीवर सामायिक मेमरी परतली. २०२१ मध्ये एसआयएमडी (एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर क्रिया) आले, तेही १२८ बिटांचे. नेटिव्ह कोड तेव्हा २५६ आणि ५१२ बिटांचे वापरत होता.

कोड आपल्या मेमरीबाहेर जात नाही ना, ही मर्यादेची तपासणी मात्र ब्राउझरांनी हुशारीने टाळली होती. पत्ता ३२ बिटांचा असल्याने ४ जीबीचा आभासी पट्टा (प्रत्यक्ष मेमरी नव्हे, फक्त पत्ते) आणि पुढे थोडी राखीव जागा अडवून ठेवायची. कोड हद्दीबाहेर गेला की प्रोसेसरच हटकतो. २०२५ पासून काही ब्राउझरांत ६४ बिटांचे पत्ते आले. तिथे ही युक्ती चालत नाही, आणि ४ जीबीहून जास्त मेमरीची गरज नसताना ते निवडणाऱ्यालाही प्रत्येक वाचनामागे तपासणीचा भुर्दंड बसतो.