चपटं धनुष्य : फ्लॅटबोची पार्श्वभूमी

पुण्यात भवानी पेठेतल्या लाकूड बाजारात धनुष्यासाठी फळी मागितली, तर पुढे येतं ते सागवान. दाराखिडक्यांना ते उत्तमच. पण धनुष्याचं लाकूड म्हणून आपल्याकडे जुना मान आहे धामणीला. सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या या झाडाचं लाकूड चिवट असतं, वाकून पुन्हा सरळ होतं, म्हणून अवजारांचे दांडेही त्याचेच करत. संस्कृतात धामण म्हणजे धन्वन. नावातच धनुष्य!

फ्लॅटबो म्हणजे रुंद, चपट्या पात्यांचं (मुठीच्या वर-खाली वाकणारे दोन भाग म्हणजे पाती), सरळ लाकडाचं धनुष्य. ते 'आदिम' म्हणून बाजूला ठेवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लाकूड नीट ओळखणाऱ्यांनीच ते घडवलंय. डेन्मार्कमध्ये होल्मगार्डच्या दलदलीत 1944 साली एल्म लाकडाची धनुष्यं सापडली. वय सुमारे 9,000 वर्षं, आणि पाती चपटी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं सडबरीचं धनुष्य 1660 चं. मूळ रहिवाशांनी हिकरीतून कोरलेलं, तेही चपटंच.

मग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी लाँगबोच का येतं? त्याची पाती अरुंद आणि जाड, पोटाकडे, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूला, गोलसर. ते यू नावाच्या झाडावर बेतलेलं आहे. यूचं बाहेरचं लाकूड ताण सोसतं आणि आतलं दाब, त्यामुळे जाडी चालून जाते. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेतून अशी शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली. पण प्रत्येक देशात यू कुठून आणणार?

इथे गणित येतं. धनुष्य ओढलं की पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पात्याची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. पण जाडीबरोबर पाठीवरचा ताणही वाढतो आणि लाकूड तडकतं. म्हणून जोर हवा असेल तर रुंदी वाढवायची, जाडी आवरायची. 1930 च्या दशकात क्लॅरन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग हे भौतिकशास्त्रज्ञ धनुष्याचं मोजमाप करायला बसले आणि चपट्या, आयताकृती छेदाच्या पात्यांकडे वळले. जंगलातल्या कारागिरांनी हातांनी ओळखलेलं त्यांनी आकड्यांत मांडलं. पुढे फायबरग्लास आलं, 1960 च्या दशकात कप्प्यांचं कंपाउंड धनुष्य आलं, आणि लाकूड पुन्हा मागे पडलं. आज पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारे तिरंदाज ऑलिंपिकच्या रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या, धनुष्यावर सराव करतात.

आपला वारसाही याच समजेचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार द्रव्यांची धनुष्यं येतात. दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग, अगदी स्नायूसुद्धा. सिकंदराबरोबर आलेल्या नियार्कस या सेनानीच्या आधारे ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो, की भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाएवढं उंच. त्याचं एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबत आणि मग ओढत. सातपुड्यातल्या भिल्लांचा कमठा बांबूचा, आणि दोरीही बांबूच्याच सालपटाची. बांबूचे सर्वात बळकट धागे सालीलगत असतात, म्हणून आजचे कारागीर लाकडी धनुष्याच्या पाठीवर बांबूची पट्टी चिकटवतात, साल बाहेर ठेवून.

माझं पहिलं धनुष्य पाठीवरच मोडलं. रंधा मारताना लाकडाची रेष मध्येच तुटली होती, आणि दोन्ही पाती सारखी वाकतायत का हे न बघता मी दोरी पूर्ण ओढली. आता कानशीने थोडं खरवडायचं, थोडं वाकवून बघायचं, जिथे ताठ राहतं तिथेच पुन्हा खरवडायचं. आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे काम करायचं नाही. ओलं लाकूड वाकलं की वाकलेलंच राहतं. नवी धामणीची फळी माळ्यावर आडवी ठेवलीय, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेपर्यंत.