मंदगती लिम्फोमा उलटल्यावरची उपचारनिवड

मंदगती लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा सावकाश वाढणारा कर्करोग. त्यात फॉलिक्युलर लिम्फोमा सर्वाधिक आढळतो. उपचारांनी गाठी विरघळतात, काही वर्षे बरी जातात आणि एक दिवस मानेत, काखेत किंवा जांघेत पुन्हा गाठ हाताला लागते. असे उलटणे या आजाराच्या स्वभावातच आहे. पहिले उपचार चुकले, असा त्याचा अर्थ होत नाही.

औषध ठरवण्याआधी ही गाठ जुन्याच जातीची आहे का, ते पाहावे लागते. फॉलिक्युलर लिम्फोमाचे दरवर्षी साधारण २ ते ३ टक्के रुग्णांत वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात रूपांतर होते आणि मग उपचारांची दिशाच बदलते. म्हणून पेट स्कॅनमध्ये, म्हणजे सक्रिय कर्कपेशी उजळून दाखवणाऱ्या तपासणीत, जी गाठ सर्वांत प्रखर उजळते, शक्यतो तिचीच बायोप्सी करतात. बारीक सुईने ओढलेल्या पेशी सहसा पुरत नाहीत. गाठीची आतली रचना दिसेल एवढा तुकडा हवा.

जात तीच निघाली, गाठी लहान असल्या, ताप, रात्रीचा दरदरून घाम किंवा वजनातली घट नसली आणि रक्तपेशींचे प्रमाण ठीक असले, तर नुसती देखरेख ठेवता येते. रुग्णाच्या घरच्यांना हे पचवणे जड जाते: कॅन्सर परत आलाय आणि डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी दाखवा! पण लक्षणे नसताना घाईने औषध सुरू केल्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. एकच गाठ त्रास देत असेल, तर ४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) इतके अल्प रेडिएशन दोन बैठकांत देऊनही ती बरेचदा बसते.

औषध लागणारच असेल, तर आधी काय दिले होते आणि त्याचा गुण किती टिकला, यावर बरेच ठरते. पहिल्या केमो-इम्युनोथेरपीनंतर (केमोथेरपी आणि कर्कपेशींना चिकटणारे प्रतिपिंड-औषध एकत्र) दोन वर्षांच्या आत उलटणारा आजार अधिक चिवट समजतात. गुण बरीच वर्षे टिकला असेल, तर रिटुक्सिमॅब या प्रतिपिंड-औषधासोबत लेनालिडोमाइडच्या गोळ्या हा रुळलेला पर्याय आहे. किंवा वेगळी केमोथेरपी ओबिनुटुझुमॅब या तशाच औषधाच्या जोडीने देतात. या प्रतिपिंड-औषधांआधी हिपॅटायटिस बीची तपासणी चुकवू नये, कारण यकृतात दबलेला विषाणू त्यांच्यामुळे उसळू शकतो.

औषधांचा क्रमही जपावा लागतो. डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध हृदयाला घातक असल्याने त्याची आयुष्यभराची मर्यादा ठरलेली असते. पहिल्या वेळी आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि डॉक्सोरुबिसिन असलेला औषधसंच) झाले असेल, तर त्यातली बरीच संपलेली असते. बेंडामस्टिन हे केमोथेरपीचे औषध टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटवते आणि खाली सांगितलेल्या कार-टी उपचारांसाठी नेमक्या त्याच पेशी लागतात. पुढे कार-टीचा विचार असेल, तर बेंडामस्टिन नुकतेच दिलेले नसणे बरे.

कार-टीमध्ये रुग्णाच्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत सोडतात. मोसुनेटुझुमॅबसारखे द्विलक्ष्यी प्रतिपिंड तयार मिळते. ते टी-पेशीला कर्कपेशीशी भिडवते. हे दोन्ही मार्ग अमेरिकेत फॉलिक्युलर लिम्फोमासाठी अनुक्रमे २०२१ आणि २०२२ मध्ये मंजूर झाले, दोन किंवा अधिक उपचार होऊन गेलेल्यांसाठी. दोन्हींत सुरुवातीला ताप येऊन रक्तदाब उतरू शकतो. मेंदूवरचा परिणाम कार-टीत अधिक दिसतो. तो ओळखायला वॉर्डात रोज रुग्णाला शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजायला लावतात आणि एक वाक्य लिहून घेतात. काल सरळ उतरलेले वाक्य आज वेडेवाकडे आले, तर रुग्णाला काही जाणवत नसले तरी डॉक्टरांना लगेच कळवतात.